सुरुवातीला धपकन बुडते, शेवटी तरंगते: शिसं वाढवू की कमी करू?

निळाई

नमस्कार मंडळी. स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर हा पहिला कोर्स होऊन फार दिवस झाले नाहीत, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

माझं वजन ५८ किलो. ५ मिमीचा अंगभर वेटसूट, ॲल्युमिनियमची नेहमीची ११ लिटरची टाकी, समुद्राचं पाणी. बुडता यावं म्हणून कमरेच्या पट्ट्यात ९ किलो शिसं. बीसीडीतली (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जाकिटातली) हवा सोडायचा अवकाश, मी धपकन खाली. १५-१८ मीटरला पोचेपर्यंत इन्फ्लेटरच्या (त्यात हवा भरायच्या) बटणावरचा अंगठा उचलता येत नाही. डाइव्ह संपताना मात्र नेमकं उलटं. ५ मीटरच्या सेफ्टी स्टॉपला (वर येण्याआधीच्या तीन मिनिटांच्या थांब्याला) थांबताच येत नाही. डोकं खाली करून फिन्स मारत तीन मिनिटं कशीबशी काढते. बडीने (जोडीच्या डायव्हरने) पाय धरून ठेवल्याचंही घडलंय.

बोटीवर सल्ले दोन मिळाले. एक जण म्हणतो, आणखी किलोभर घाल. दुसरा म्हणतो, आहे तेच जास्त आहे, काढ. दोघंही माझ्यापेक्षा कितीतरी अनुभवी. ऐकू कोणाचं?

पाणकावळा

सुरुवातीला जड आणि शेवटी हलकं वाटणं हे सगळ्यांनाच होतं, कारण तुम्ही खरोखरच हलक्या झालेल्या असता. हवेला वजन असतं हे शाळेत फुगे आणि तराजूच्या प्रयोगात शिकवतात, पण ती हवा पाठीवर घेऊन पाण्यात उतरेपर्यंत कुणाला खरं वाटत नाही. हिशोब करा: ११ लिटरची टाकी, २०० बार दाब, म्हणजे साधारण २२०० लिटर हवा. एका लिटरला सुमारे १.२ ग्रॅम. झाले २.६ किलोच्या वर. ५० बार उरेपर्यंत त्यातले दोन किलो तुम्ही श्वासावाटे पाण्यात सोडून दिलेले असतात. ॲल्युमिनियमची ही टाकी भरलेली असताना समुद्रात अर्धा-पाऊण किलो खाली ओढते आणि पूर्ण रिकामी झाली की दोन किलोच्या आसपास वर ओढते.

दुसरा भिडू वेटसूट. निओप्रीन म्हणजे रबरात अडकवलेले वायूचे बुडबुडे. १० मीटरला दाब दुप्पट, २० ला तिप्पट, ३० ला चौपट. बुडबुडे त्या प्रमाणात आक्रसतात आणि सूटची तरंगण्याची ताकद उतरते. वर येताना ती परत मिळते. म्हणजे डाइव्हच्या शेवटी टाकी हलकी आणि सूट फुगलेला, दोन्ही गोष्टी तुम्हाला वरच ढकलतात.

म्हणून शिसं ठरवायचं ते त्या शेवटच्या अवस्थेसाठी. टाकीत ५० बार, खोली ५ मीटर, बीसीडी पूर्ण रिकामी, श्वास नेहमीचा. एवढं असताना ज्या वजनावर तुम्ही जागच्या जागी राहता, ते तुमचं वजन. सुरुवातीला त्यामुळे दोन किलो जड असणारच, तो भार बीसीडीने उचलायचा. ती अंगावर घेतो कशासाठी?

आता मुद्द्याचा प्रश्न: सेफ्टी स्टॉपला तुमची बीसीडी *खरोखर* रिकामी होती का?

धीवर

पाका (पाणकावळा), +१. आणि ५८ किलोच्या माणसाला ५ मिमीवर ९ किलो मला तरी भरपूर वाटतात.

निळाई

हो, हवा सोडली होती. नळी डोक्याच्या वर धरून बटण दाबलं, थोडे बुडबुडे आले, मग थांबले. म्हणजे रिकामीच ना?

कासवगती

नीट सांगा, त्या वेळी तुम्ही उभ्या होतात की आडव्या?

निळाई

आडवी. ट्रिम (पाण्यात अंगाचा आडवा तोल) सांभाळा, ट्रिम सांभाळा असं सारखं कानीकपाळी ओरडतात म्हणून आडवी.

कासवगती

सापडलं बहुतेक.

बीसीडीत हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. नळी जोडलेली असते डाव्या खांद्याला. तुम्ही आडव्या, त्यात डोकं जरा खाली घातलेलं, म्हणजे सगळ्यात उंच भाग तुमचं बूड. हवा तिथे जाऊन बसली. तुम्ही खांद्यापाशी दार उघडलंत, तिथे जी थोडीफार होती ती निघून गेली आणि बुडबुडे थांबले. बाकीची मागे सुखात.

उपाय दोन. एक तर हवा सोडण्यापुरतं उभं व्हायचं, डावा खांदा थोडा उचलायचा, नळी ताठ वर धरायची आणि बटण तीन-चार सेकंद दाबून ठेवायचं. नाहीतर आडवंच राहून मागच्या, कमरेखालच्या डंप व्हॉल्व्हची (हवा सोडायच्या झडपेची) दोरी ओढायची आणि त्या वेळी तोच कोपरा सगळ्यात वर येईल असं अंग किंचित कलतं करायचं. ही दोरी कोणत्या बाजूला आहे हे कितीतरी जणांना माहीत नसतं. पुढच्या वेळी बोटीवर सगळं अंगावर चढवून, डोळे मिटून, हाताने चाचपून शोधा.

आणि हवा सोडायची ती वर येतानाच, टप्प्याटप्प्याने. ५ मीटरला पोचल्यावर 'आता सोडते' म्हणायला उशीर झालेला असतो. १८ मीटरला दाब २.८ बार, ५ मीटरला १.५ बार. खाली भरलेली २ लिटर हवा वर येईपर्यंत पावणेचार लिटर होते.

त्यात तुम्ही वर ढकलल्या जायला लागलात की घाबरून मोठा श्वास घेता आणि तो धरून ठेवता. आणखी दीड-दोन लिटर. अशा वेळी सगळ्यांनाच वाटतं की शिसं कमी पडलं.

तळठाव

सगळं मान्य, पण एक व्यावहारिक गोष्ट. थोडं जड असलेलं चांगलं. हलका माणूस सुसाट वर जातो आणि डीकम्प्रेशनच्या (दाब झपाट्याने उतरल्याने शरीरात वायूचे बुडबुडे होण्याच्या) धोक्यात सापडतो. जड माणूस फार तर दोन वेळा जास्त बटण दाबेल. मी कायम दोन-तीन किलो वर ठेवतो, कधी काही बिघडलं नाही. बोटीवरचा तो पहिला सल्ला इतका वाईट नाही.

पाणकावळा

तळठाव, हे सगळीकडे ऐकायला मिळतं आणि पटतंही, म्हणून सविस्तर लिहितो.

जास्तीचं शिसं उचलायला जास्तीची हवा लागते. किलोला जवळजवळ लिटर. शिसं भले एका जागी गप्प बसेल, हवा बसत नाही. ती प्रत्येक मीटरला आकार बदलते.

सेफ्टी स्टॉपचंच घ्या. दोन डायव्हर, दोघांच्या टाकीत ५० बार. एकाचं वजन नेमकं, त्याची बीसीडी रिकामी. दुसऱ्याकडे ४ किलो जास्त, म्हणून ५ मीटरवर थांबायला त्याने ४ लिटर हवा भरलेली. एक लाट आली, दोघंही दोन मीटर वर उचलले गेले. दाब १.५ वरून १.३ बार. पहिल्याच्या बीसीडीत फुगायला काही नाहीच. सूट जरासा फुगला, त्याने श्वास सोडला, परत आला खाली. दुसऱ्याच्या ४ लिटरचे ४.६ झाले. सहाशे ग्रॅमचा वरचा धक्का, शिवाय सूटचा वेगळा. आणखी वर गेला की आणखी फुगवटा. आता याच्या हातात वेळेवर डंप व्हॉल्व्ह सापडणं एवढंच उरतं.

म्हणजे ज्या सुसाट वर जाण्याला तुम्ही घाबरता, त्याचं मोठं कारण हे जास्तीचं शिसंच आहे. नवशिके हलके असल्यामुळे कमी वेळा उडतात. जड असल्यामुळे भरलेली हवा वेळेवर न सोडता आल्यामुळे जास्त वेळा उडतात. हे मत माझं, पण कोणत्याही बोटीवर बसून बघा.

शिवाय कमरेला शिसं, छातीशी हवा, म्हणजे पाय खाली आणि डोकं वर. त्या तिरक्या अवस्थेत फिन मारलं की अर्धा जोर तुम्हाला पुढे नेतो आणि अर्धा वर. वर जायला लागलात म्हणून हवा सोडता. मग थांबलात की बुडता, म्हणून पुन्हा भरता. टाकी लवकर संपते ती यात. प्रवाळावर आणि तळाच्या गाळावर फिन्स आपटतात ते यात.

तळठाव

गणित कळलं. पण तुमचा तो नेमकं वजनवाला माणूस ३० बारला आला तर? बडीला हवा द्यावी लागली, टाकी आणखी उतरली, तर तो ५ मीटरला थांबेल का? कागदावरचं नेमकं वजन पाण्यात कमी पडतं.

कासवगती

हा मुद्दा मात्र तळठावांचा बिनतोड आहे. पाका, उत्तर द्या.

पाणकावळा

देतो ना. ५० बारपासून शून्यापर्यंत ११ लिटरच्या टाकीत साडेपाचशे लिटर हवा, म्हणजे साधारण ६५० ग्रॅम. तेवढा फरक मी फुफ्फुसांनी भरून काढतो.

कासवगती

तुम्ही काढता हो. ज्याची हवा संपत आलीय आणि ज्याला बडीच्या ऑक्टोपसवर (त्याच्या टाकीच्या जादा तोंडनळीवर) श्वास घ्यायचाय, तो अर्धी फुफ्फुसं रिकामी ठेवून शांतपणे तरंगणार नाही. त्या क्षणी माणूस भरभरून श्वास घेतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना जवळजवळ रिकाम्या टाकीसाठी वजन ठरवायला लावते. ५० बारला नेमकं काढा आणि त्यावर अर्धा-पाऊण किलो ठेवा. तेवढ्याने बीसीडीत फार तर पाऊण लिटर हवा येते, ती कुणालाही सांभाळता येते. तळठाव म्हणतात ते दोन-तीन किलो नव्हे, पण शून्यही नाही.

जाड सूट असेल तर तो आणखी एक विचार. ५ मीटरला नेमकं असलेलं वजन २ मीटरला कमी पडतं, कारण सूटमधल्या फुगवट्याचा मोठा वाटा या शेवटच्या पट्ट्यातच परत येतो. मी ३ मीटर धरते. पातळ सूटमध्ये हा काथ्याकूट करायची गरज नाही.

पाणकावळा

विद्यार्थ्यांसाठी मान्य. स्वतःसाठी नाही. :)

शून्य_गुरुत्व

एवढी डोकेफोड कशाला? शरीराच्या वजनाच्या १० टक्के शिसं हा नियम आहे की.

धीवर

तो अंदाज आहे, नियम नव्हे. ५८ किलोची एक बाई सडपातळ आणि स्नायूंची, दुसरी तेवढ्याच वजनाची पण चरबी जास्त. चरबी पाण्यापेक्षा हलकी, स्नायू जड. त्यात एकीचा सूट नवा कोरा आणि दुसरीचा चार मोसम वापरून चपटा झालेला. टाकी स्टीलची की ॲल्युमिनियमची, पाणी गोडं की खारं, यातलं काहीच त्या १० टक्क्यांना माहीत नाही.

आणि हो, एक किलो शिसं पाण्यात पूर्ण एक किलो ओढत नाही. ते स्वतःही पाणी बाजूला सारतं. समुद्रात जेमतेम ९१० ग्रॅम. (अवांतर आहे, पण मला ही माहिती कुठेतरी वापरायचीच होती.)

जुनाजाणता

धागा वाचतोय. थोडा इतिहास.

कूस्तो आणि गान्याँ यांनी १९४३ साली ॲक्वालंग (टाकीतल्या हवेवर पाण्याखाली श्वास घ्यायचं उपकरण) तयार केलं, तेव्हा बीसीडी नावाची वस्तूच नव्हती. पट्टा, त्यात शिसं, बस. फ्रान्समध्ये फेन्झीचं गळ्यात घालायचं फुगवता येणारं जाकीट १९६१ मध्ये आलं, आणि आज आपण घालतो त्या धाटणीचं स्टॅब जाकीट १९७१ मध्ये. मधली सगळी वर्षं लोक फुफ्फुसं आणि नेमकं शिसं यावर डाइव्ह करत होते. वजन चुकलं तर झाकायला काहीच नव्हतं, म्हणून पट्टा भरतानाच कसून विचार व्हायचा. मोठ्या खोलीवर सूट दबून जड व्हायचं म्हणून लोक मुद्दाम हलके उतरायचे आणि पहिले काही मीटर पोहून खाली जायचे. ते दिवस सुरक्षित होते असं माझं म्हणणं नाही, अजिबात नव्हते. पण बीसीडी आली आणि वजनाचा आळस आला, हे खरं.

आमच्या वेळच्या माणसाला पाण्यात हात हलवताना तुम्ही बघणार नाही. हात हलत असतील तर समजा वजन तरी चुकलंय नाहीतर ट्रिम तरी.

निळाई

बापरे, इतकं सगळं! वाचनखूण साठवली.

आता मी करू काय? काठाशी उभं राहून तपासतात ती चाचणी कोर्समध्ये केली होती: बीसीडी रिकामी, श्वास धरून, पाणी डोळ्यांच्या रेषेत. त्यावरूनच ९ किलो निघाले होते. मग ती चाचणी चुकीची का?

आणि श्वासाने वरखाली होणं मला जमतच नाही. श्वास घेतला तर काही होत नाही, म्हणून आणखी घेते, मग एकदम वर.

कासवगती

चाचणी चुकीची नाही, ती करताना लोक चार गोष्टी विसरतात.

पाय. तरंगताना नकळत फिन्स हलतात आणि तुम्ही स्वतःलाच वर ढकलत राहता. घोट्यांची अढी घालायची. हात छातीशी.

अडकलेली हवा. कोरडा सूट, कोरडी बीसीडी, खिशांची अस्तरं, सगळ्यात हवा असते. पाण्यात पाच मिनिटं घालवून, गळ्यापाशी सूट ओढून पाणी आत घेऊन मग चाचणी करा. दिवसाच्या पहिल्या डाइव्हला सगळ्यांना बुडायला जड जातं आणि दुसऱ्या डाइव्हला तेच वजन जास्त होतं, त्याचं कारण हे.

श्वास. पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं ते *नेहमीच्या* श्वासावर. पूर्ण छाती भरून नाही. आणि श्वास सोडल्यावर हळूहळू बुडायला हवं. नवा माणूस बावरलेला असतो, त्याची छाती सतत भरलेली. त्यातच किलो-दीड किलो शिसं फुकट वाढतं. तुमच्या ९ किलोंमध्ये तेही असणार असा माझा कयास.

चौथी, भरलेल्या टाकीवर चाचणी केली तर खर्च होणाऱ्या हवेचे दोन किलो त्यात मिळवायचे असतात. हे काही जण विसरतात आणि काही जण दोनदा मिळवतात.

म्हणून माझा भर डाइव्हच्या शेवटच्या चाचणीवर. ५० बार उरले, ५ मीटर, बोटीचा दोर किंवा बोयाची साखळी हाताशी. उभं राहून बीसीडी पूर्ण रिकामी करा. मग आडवं होऊन मागूनही एकदा दोरी ओढा. शांत श्वास घ्या, एखादा मिनिट जाऊ द्या. दोर सोडून बघा. खाली जाताय? एक किलोचा तुकडा बडीच्या हातात द्या. पुन्हा बघा. नेमकं होईपर्यंत. यासाठी एक-एक किलोचे तुकडे खिशात ठेवा, पट्टा पाण्यात सोडून मांडत बसू नका. आणि बडीला आधी सांगा, तो स्वतः नीट तरंगणारा असावा, कारण त्याचं वजन वाढणार आहे.

पाणकावळा

श्वासाबद्दल मी लिहितो.

तुम्ही श्वास घेता तेव्हा काही होत नाही असं वाटतं, ते दोन-तीन सेकंद. शरीर, टाकी, शिसं मिळून शंभर किलोच्या घरातला ऐवज असतो. त्याला अर्ध्या लिटरचा धक्का दिला तर तो लगेच हलत नाही, आणि एकदा हलला की लगेच थांबतही नाही. बादलीत तरंगणारा तांब्या बोटाने दाबून सोडलात तर तो जसा आधी रेंगाळतो आणि मग उसळतो, तसं. तुम्ही त्या दोन सेकंदांत कंटाळून आणखी श्वास घेता, बटणही दाबता, आणि सगळे परिणाम एकदम येऊन आदळतात.

युक्ती अशी: श्वास घ्या आणि वर जायला लागण्याच्या *आधीच* सोडायला लागा. सोडा आणि खाली जायला लागण्याच्या आधीच घ्यायला लागा. त्या लयीत माणूस एका पातळीवर राहतो. जास्त वर जायचं तर छाती जरा भरलेली ठेवून त्याच लयीत वरच्या वर श्वास घ्यायचा, खाली जायचं तर रिकाम्या बाजूला. फुफ्फुसांच्या या खेळात दोन लिटरपर्यंतचा फरक सहज मिळतो. वजन नेमकं असेल तर दोन लिटर पुष्कळ झाले. ४ किलो जास्त असेल तर फुफ्फुसं बिचारी काय करणार?

बीसीडीचं बटणही टिचकी मारल्यासारखं दाबा, मग एक पूर्ण श्वास होईपर्यंत वाट बघा.

कासवगती

पाकांच्या वरच्या प्रतिसादाला एक ठळक तळटीप. छाती भरलेली *ठेवणं* म्हणजे श्वास *रोखणं* नव्हे. घसा कायम उघडा, हवा कायम चालू. पूर्ण भरलेली फुफ्फुसं घेऊन, श्वास रोखून सव्वा-दीड मीटर वर आलं तरी फुफ्फुसं फाटू शकतात. आणि हे सगळ्यात सहज उथळ पाण्यात होतं, कारण दाबाचा प्रमाणाने सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो. एका जागी तरंगायचं म्हणून श्वास धरून बसलेले लोक बघितले की माझ्या पोटात गोळा येतो.

छायापटू

कॅमेरावाल्यांचंही ऐका जरा. हाउसिंग (कॅमेऱ्याची जलरोधक पेटी) आणि दोन दिवे हातात घेतले की सगळं बदलतं. माझा संच पाण्यात खाली ओढायचा, म्हणून हात दुखायचे आणि मी पुढे कलायचो. दांड्यांना फोमचे तरंगक लावून तो जवळजवळ शून्यावर आणला, तेव्हा कुठे माझी ट्रिम सुधारली. कॅमेऱ्याचा भार पट्ट्यातलं शिसं कमी करून भागवू नका. कॅमेरा बोटीवर दिलात की हलके व्हाल आणि तेही नेमकं सेफ्टी स्टॉपच्या आधी.

धीवर

शिसं किती हे झालं, आता कुठे, तेही बघा. निळाई ताईंचे ९ च्या ९ कमरेला आहेत. वजन नेमकं असूनही पाय बुडत असतील तर दोन किलो वर सरकवा: टाकीच्या पट्ट्यावर खिसे मिळतात, किंवा टाकीच थोडी वर बांधा. टाकी डोक्याला टेकेल इतकी नको. डोकं बुडत असेल तर उलट. तपासायचं असं: आडवं व्हा, गुडघे वाकवा, सगळं हलणं थांबवा आणि दहा सेकंद बघा कोणत्या बाजूला फिरताय. फिन्सही मोजा, जाड रबरी फिन्स पाय खाली ओढतात, काही प्लॅस्टिकचे तरंगतात.

खोलीवर सूट दबला की पट्टाही सैल होतो आणि सरकतो. तळाशी पोचल्यावर एकदा घट्ट करा.

जुनाजाणता

आणि काही शिसं तरी असं ठेवा जे एका हाताने टाकून देता येईल. डायव्हिंगमधल्या मृत्यूंच्या अहवालांत ही नोंद वर्षानुवर्षं येत राहिली आहे: माणूस सापडला तेव्हा वजनं अंगावरच. पृष्ठभागावर आलात, बीसीडी फुगत नाही किंवा दमलाय, तर शिसं सोडायचं. शिसं पुन्हा मिळतं. खोलवर असताना मात्र सगळं एकदम सोडलं तर थांबता येणार नाही, तो शेवटचा उपाय. म्हणून दोन भागांत विभागलेलं बरं.

इन्फ्लेटर अडकून बीसीडी आपोआप फुगायला लागली तर? नळीची जोडणी ओढून काढायची आणि त्याच वेळी हवा सोडायची. ही जोडणी ओल्या थंड बोटांनी काढायचा सराव उथळ पाण्यात करून ठेवा.

निळाई

कळवायला आले.

कासवगती ताईंच्या पद्धतीने शेवटी चाचणी केली. डंप व्हॉल्व्हची दोरी माझ्या बीसीडीला उजव्या बाजूला मागे आहे हे पहिल्यांदा कळलं! मी रिकामी समजत होते त्या बीसीडीतून दोरी ओढल्यावर इतके बुडबुडे आले की बडी हसायला लागला. त्यानंतर मी चक्क बुडायला लागले. एक किलो दिला, तरी खाली. दुसरा दिला, थांबले. श्वास घेतला की जरा वर, सोडला की जरा खाली. म्हणजे ७. कासवगती ताईंचा अर्धा किलो धरून साडेसात, आणि त्यातले दोन टाकीच्या पट्ट्यावर. पाय अजून थोडे बुडतात, पण डोकं खाली घालून फिन मारणं बंद झालं.

तळठाव, तुमचा राग नाही ना? :)

तळठाव

राग कसला. मीही एक किलो काढून बघितला. फक्त एक.

पाणकावळा

एक पुढच्या वेळी.

निळाई

आता नवा प्रश्न. पुढची डाइव्ह गोड्या पाण्याच्या तलावात आहे, टाकी स्टीलची, १२ लिटरची मिळणार म्हणतात. साडेसातच घेऊ?

धीवर

नको नको. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. तुम्ही अधिक सगळं सामान मिळून नव्वद-पंच्याण्णव किलो धरा, त्याचे अडीच टक्के म्हणजे सव्वादोन किलो. एवढे गोड्या पाण्यात कमी लागतील. हे शरीराच्या वजनावर नाही, *सगळ्या* ओझ्यावर काढायचं, इथे बरेच जण चुकतात. (उलट्या बाजूने, तांबड्या समुद्रात क्षार नेहमीच्या समुद्रापेक्षा जास्त, तिथे अर्धा किलो वाढतो. बाल्टिकचं पाणी मचूळ, तिथे कमी लागतं.)

टाकीचा फरक वेगळा. ॲल्युमिनियमची रिकामी होताना वर ओढते, स्टीलची बहुतेक शून्याच्या आसपास किंवा किंचित बुडणारीच राहते. मॉडेलप्रमाणे बदलतं, पण दीड-दोन किलो तिथेही वाचतात. साडेतीनपासून सुरुवात करा. आणि १२ लिटर, २३२ बार म्हणजे भरलेल्या हवेचंच वजन सव्वातीन किलोच्या पुढे, त्यामुळे सुरुवातीला नेहमीपेक्षा जड वाटेल. घाबरून शिसं काढू नका, शेवटची चाचणी होऊ द्या.

कासवगती

सूट तोच ना पण?

निळाई

अं... नाही. पाणी थंड आहे म्हणून ७ मिमीचा. नवा कोरा. आणि टोपी, हातमोजे.

धीवर

मग वरचं साडेतीन पुसून टाका. नवा ७ मिमी आणि टोपी मिळून काही किलो सहज परत येतील. नेमके किती ते तुमचा सूटच सांगेल. काठाशी, फक्त सूट-टोपी-मोजे घालून, छातीभर पाण्यात जा आणि नेहमीच्या श्वासावर डोळ्यांपर्यंत बुडायला किती शिसं लागतं ते बघा. तोच आकडा जुन्या ५ मिमीवरही काढा. दोन्हींतला फरक साडेतीनात मिळवा आणि तिथून उतरा. वहीत लिहून ठेवा: सूट, टाकी, पाणी, शिसं, शेवटचे बार.

निळाई

जुना सूट बरोबर नेते मग. शनिवारी कळवते.